गच्ची चावते

सोहारमध्ये, समुद्रापासून दोन गल्ल्या आत,
झुवैनाबाईंच्या गच्चीवर बारा पॅनेलं,
आणि त्यांच्या सावलीबाहेर चटईवर
वाळत घातलेली लिंबं.
फोनवर तक्रार एवढीच,
मोडक्या हिंदीत: गच्ची चावते.

खरंच चावत होती.
लिंबं उलटवताना ओला हात फ्रेमला लागला
की कोपरापर्यंत मुंग्या.
आमच्या आधी कुणी तरी येऊन गेला होता.
हिरवी-पिवळी वायर त्याने
टाकीच्या पाइपला गुंडाळली होती
नवसाचा दोरा बांधावा तशी.
पाइप प्लास्टिकचा.

मोनिरुल हसला. मलाही हसू आलं,
मग आलं नाही.

घराचा मेन बंद करता येतो,
उन्हाला मेन नाही.
म्हणून दुसऱ्या दिवशी फज्रच्या बांगेबरोबर चढलो,
कॅम्पातल्या जाड चादरी पॅनेलांवर अंथरल्या,
झोपलेल्या पोरांवर घालतात तशा,
आणि अंधुकातच नट सैल केले.

फ्रेमवर एक न दिसणारी साय असते,
ती करंट जाऊ देत नाही.
दातेरी वॉशर ती फोडतो.
बोल्ट आवळताना बारीक कर्र होतं,
ते ऐकल्याशिवाय पुढच्या बोल्टकडे जायचं नाही.
तांबं आणि ॲल्युमिनियम
एका ताटात जेवायला बसवायचं नाही,
या खाऱ्या हवेत तर नाहीच;
मध्ये कल्हईचा लग हवा.
हे सगळं लतीफ परकारांचं.
मी नुसता हात.

वायर कठड्याच्या कडेने नेली,
वीत-वीत अंतरावर क्लिप,
कोपऱ्यात मोडू न देता गोल वळवून.
मोनिरुल म्हणाला, इथे कोण बघायला येतंय?
मी परकारांच्याच आवाजात म्हणालो,
दुरुस्तीला येणारा बघेल.
तो तूच असशील कदाचित.

मग खाली अंगणात रॉड ठोकला.
पहिलं रीडिंग चौऱ्याऐंशी.
या वाळूला विजेचं काही ऐकू येत नाही.
खणलं. कोळसा घातला, मीठ घातलं, पुन्हा कोळसा.
तीन एसींचं पाणी भिंतीवर ओघळून
पिवळे डाग पाडत होतं,
ते नळीने खड्ड्याकडे वळवलं.
पहिला थेंब पडला
तेव्हा मातीने साधा ओला रंगही धरला नाही.

परकार म्हणायचे, करंट आळशी असतो,
सोपी वाट धरतो.
ती वाट कुणाच्या अंगातून जायला नको,
एवढ्याचाच आपल्याला पगार.
त्यांना माती दिली तीही इथलीच,
गावाबाहेरची, भुसभुशीत, गरम.
तीन मुठी टाकल्या.
बोटांच्या फटींतून अर्धी वाऱ्यावर गेली.
खेडला त्यांच्या मुलाला फोन मीच केला.
तो विचारत राहिला, जागा कशी आहे?
मी म्हणालो, कोरडी आहे.
दुसरं काही सुचलं नाही.

चार दिवसांनी पुन्हा गेलो.
खड्ड्याभोवती गवताची दोन पाती,
कुठून आली कोण जाणे.
रीडिंग तीन पूर्णांक एक.
मोनिरुलने मीटर दोनदा झटकून पाहिलं.

झुवैनाबाईंनी आधी उलटा हात लावला.
हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
मग सुलटा.
तसाच ठेवून थोडा वेळ थांबल्या,
ताप उतरलाय का बघावं तशा.
काही न बोलता खाली बसल्या
आणि लिंबं उलटवायला लागल्या.

माझ्या वहीत कामाची नोंद मी मराठीत ठेवतो.
लिहिलं: माती दिली.
खोडलं.
लिहिलं: अर्थिंग, तीन पूर्णांक एक,
पाण्याची नळी दर महिन्याला बघणे.

जाताना त्यांनी सात-आठ लिंबं दिली,
काळी पडलेली, टणक, कागदाइतकी हलकी.
जिना उतरताना खिशात खुळखुळत होती.